उशाशी बसून: सिस्टरला विचारलेले प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत मेंदूचा मार, लकवा आणि मणक्याची दुखापत याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून या अंकात जास्त जागा त्यांनाच देते. आधी एक सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं न्यूरो वॉर्डात सिस्टर होते, त्यातली निम्मी नाइट ड्युटीत गेली. औषध कुठलं आणि किती, हे मला विचारू नका. पेशंटला कूस कशी द्यायची, घोट कधी द्यायचा, आणि कधी सगळं सोडून धावायचं, हे विचारा.

प्रश्न: बाबा गाडीवरून पडले, डोक्याला मार लागला. आयसीयूत सिस्टर त्यांना दर तासाला हाक मारून उठवतात, खांद्याला चिमटा काढतात, डोळ्यांत टॉर्च मारतात. रात्रीसुद्धा! आजारी माणसाला झोप नको का? परवा तर ‘जीसीएस चौदाचा बारा झाला’ म्हणत पळापळ झाली आणि त्यांना स्कॅनला नेलं. मला ते नुसते झोपाळलेले वाटत होते.

उत्तर: हा राग मी ओळखते, कारण नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात तो मलाही यायचा. उठवायचं मलाच असायचं, एवढाच फरक.

एक तरुण मुलगा होता, डोक्याला मार लागलेला. संध्याकाळपासून नळ्या ओढत होता, ओरडत होता, सगळा वॉर्ड त्याने डोक्यावर घेतला होता. रात्री दोनच्या सुमाराला तो गप्प झाला. मला इतकं हायसं वाटलं की मी चार्टवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पेशंट शांत झोपला आहे.’ सिनियर सिस्टर राउंडला आल्या, ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, “झोपलाय की खाली चाललाय? उठवून पाहिलंस?” मी हाक मारली. काही नाही. खांदा दाबला, तर हात वर आलाच नाही. टॉर्च टाकली, तेव्हा उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी होती आणि उजेडाने आकसत नव्हती. अर्ध्या तासात तो ऑपरेशन थिएटरच्या दारात होता. वाचला. पण ती ओळ अजून माझ्या डोळ्यांसमोर येते.

कवटी म्हणजे बंद डबा. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. हे पाणी मोठ्या माणसात साधारण दीडशे मिलिलिटर असतं. मेंदूला सूज आली किंवा आत रक्त साचलं, की आधी हे पाणी आणि शिरांतलं थोडं रक्त बाजूला सरून जागा करून देतं. तोवर माणूस बरा दिसतो, कधी कधी गप्पाही मारतो. जागा संपली की मात्र दाब भराभर चढतो. रक्तदाब वाढणं, नाडी मंद होणं, श्वास वेडावाकडा होणं, ही तीन लक्षणं पुस्तकात ठळक अक्षरांत असतात, पण ती दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्याच्या कितीतरी आधी एकच गोष्ट बदलते: माणूस झोपाळू होतो. तुम्ही वापरलेला शब्द अगदी बरोबर आहे. सिस्टरनी नेमकं तेच टिपलं.

तुम्ही ऐकलेला जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, माणूस किती शुद्धीवर आहे त्याची मोजणी. १९७४ साली ग्लासगोतल्या ग्रॅहॅम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ती मांडली. त्याआधी ‘गुंगीत’, ‘अर्धवट शुद्धीवर’ असे शब्द चालायचे आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्यांचा अर्थ निराळा असायचा. यांनी तीनच गोष्टी पाहायला सांगितल्या. डोळे कशाने उघडतात, त्याचे चारपर्यंत गुण. बोलणं कसं आहे, त्याचे पाचपर्यंत. हातापायांची हालचाल कशी आहे, त्याचे सहापर्यंत. पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे पंधरा होतात, आणि कमीत कमी तीन. शून्य नसतंच. नातेवाईक नेहमी चौदा चांगले की बारा चांगले एवढंच विचारतात. आम्ही मात्र मघाशी किती होते ते बघतो. आल्यापासून बारावरच असलेला पेशंट एक वेळ ठीक, पण चौदाचा बारावर आलेला नाही. दोन गुण उतरले की फोन करायचा, मग रात्रीचे कितीही वाजले असोत. चिमटाही उगाच नसतो. हाकेला ओ मिळाली नाही तरच खांद्याचा स्नायू दाबतात आणि हात दुखऱ्या जागेकडे येतो का, की नुसताच आखडतो, ते बघतात.

तुम्हाला करता येण्यासारखं एक मोठं काम आहे. बाबांचं ‘नेहमीचं’ काय ते सिस्टरना सांगा. त्यांना कमी ऐकू येतं का? डोळ्याचं ऑपरेशन झालंय का? बोलताना आधीपासून अडखळतात का? एका पेशंटच्या वाकड्या बाहुलीने आमची अर्धी रात्र घाबरण्यात गेली. सकाळी मुलगा आला आणि म्हणाला, “तो डोळा लहानपणापासून तसाच आहे.” आदल्या संध्याकाळी आम्ही त्याला विचारलं असतं, तर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला असता.

पलंगाची उशाकडची बाजू साधारण तीस अंश वर असेल आणि मान सरळ ठेवलेली असेल. बाबांना आरामात वाटावं म्हणून मान कलती करून उशा लावू नका. मान वळली की डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं. आणि नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळताना दिसलं तर सर्दी समजून नाक शिंकरायला लावू नका, आत बोळा घालू नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तसंच सिस्टरला दाखवा.

प्रश्न: आमच्या ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. आता एकच शब्द येतो, आणि तो म्हणजे शिवी! डॉक्टर आले तरी तीच, नातवंडं आली तरी तीच. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आयुष्यात कधी वाईट बोलले नाहीत. शिवाय पाणी पिताना ठसका लागतो, आणि मी त्यांना हाताला धरून उठवलं तर फिजिओवाल्या मॅडम रागावल्या.

उत्तर: शिवीपासून सुरू करू, कारण तुमची झोप तिनेच उडवलेली दिसते. मुद्दाम जुळवून बोलायची वाक्यं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला तयार होतात, आणि ह्यांची तीच बाजू दुखावली आहे. पण तोंडात बसलेले शब्द, म्हणजे शिव्या, आकडे मोजणं, पाठ असलेली गाणी, ‘अरे देवा’सारखे उद्गार, हे बऱ्याचदा मागे उरतात. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून वाचेची ही जागा दाखवून दिली, तो रुग्ण सगळ्या प्रश्नांना ‘तान, तान’ एवढंच उत्तर द्यायचा. चिडला की मात्र त्याच्याही तोंडून शिवी निघायची. तेव्हा ही शिवी ह्यांच्या मनातली नाही. त्यांना ‘या’ म्हणायचं असतं, ‘पाणी’ म्हणायचं असतं, आणि हातात सापडतो तो एवढाच शब्द. नातवंडांना सरळ सांगून टाका की आजोबांचा सध्या एकच शब्द चालू आहे. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

बोलताना एका वेळी एकच गोष्ट विचारा, आणि हो-नाहीत उत्तर देता येईल अशी. टीव्ही बंद ठेवा. विचारल्यावर मनातल्या मनात दहा मोजा. आपण तिसऱ्या आकड्यालाच दुसरा प्रश्न टाकतो आणि त्यांनी जुळवत आणलेलं सगळं मोडून टाकतो. मोठ्याने बोलू नका, ह्यांचे कान शाबूत आहेत. स्पीच थेरपी लवकर सुरू करा. आणि त्यांच्यासमोर ‘यांना काही कळत नाही’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. बोलता न येणाऱ्याला पुष्कळ कळतं.

आता पाणी. हे जास्त गंभीर आहे आणि तुम्ही ते मध्येच घातलंय. लकव्यात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. मग घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणी, गोळी, काहीही तोंडाने देऊ नका. ठसका निदान इशारा तरी देतो. काहींना ठसकाच लागत नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात जातं. म्हणून घोट घेतल्यावर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येतो का ते ऐका. नवरा बोलत नसेल तर नुसतं ‘आ’ करायला सांगा. पाणी फार पातळ आणि चपळ असतं, म्हणून अनेकांना दाट केलेलं पेय सोपं जातं. पण किती दाट करायचं ते तपासणी करणारे ठरवतील, आपण अंदाजाने नाही. भरवताना ताठ बसवा, घास दुबळ्या बाजूच्या गालात अडकलाय का ते बघा, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. दात आणि जीभ दिवसातून निदान दोनदा स्वच्छ करा, नळीने भरवत असाल तरीही. लाळ तर फुप्फुसात जातेच. ती घाण असू नये एवढं आपल्या हातात असतं.

आणि हात. खांद्याचा सांधा खोल खोबणीत बसलेला नसतो, स्नायूंनी त्याला धरून ठेवलेलं असतं. ते स्नायू लुळे पडले की हात नुसत्या वजनाने खाली घसरतो. त्यात तुम्ही ओढलंत, तर खांदा असा दुखावतो की पुढचे सहा महिने व्यायाम राहतो बाजूला, नुसतं कण्हणं उरतं. मॅडम रागावल्या ते बरं झालं. उठवताना एक हात खांद्याच्या फऱ्यामागे आणि दुसरा कमरेला. बसलेले असताना उजव्या हाताखाली उशी द्या, तो लोंबकळू देऊ नका.

प्रश्न: भावाला मानेच्या मणक्याची इजा आहे, छातीखाली हालचाल नाही, संवेदना नाही. आम्ही महागातला एअर बेड आणला. तरी दर दोन तासांनी कूस बदलायची का? रात्री उठून उठून आम्ही दोघेही थकलो आहोत. लघवीची नळी कायम आहे. आणखी एक, अधूनमधून अचानक ‘डोकं फुटतंय’ म्हणतो, चेहरा लाल होतो, कपाळाला घाम फुटतो. एकदा बीपी पाहिलं तर १७० होतं. ॲसिडिटी असेल का?

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. कूस राहू दे, आधी डोकेदुखीचं बघू.

ही ॲसिडिटी नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांना हे होतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. खाली काहीतरी टोचतंय, तुंबलंय, पण ते भावाला जाणवत नाही. शरीराला मात्र ते कळतं आणि खालच्या रक्तवाहिन्या आवळतात. वर मेंदूला रक्तदाब चढल्याचं समजतं, तो ‘सैल सोडा’ म्हणतो, पण निरोप मणक्यात तुटतो. या रुग्णांचा नेहमीचा वरचा बीपी नव्वद ते एकशेदहाच्या घरात असतो. म्हणजे तुम्हाला १७० दिसला तेव्हा तो नेहमीपेक्षा साठ तरी वर होता. इतका दाब मेंदूत रक्तस्राव करू शकतो, फिटही येऊ शकते.

असं झालं की त्याला लगेच ताठ बसवा आणि पाय खाली सोडा. आडवं अजिबात ठेवू नका. पट्टा, घट्ट कपडे, मोजे सैल करा. मग लघवीची नळी बघा. ती मुडपली आहे का, भावाच्या मांडीखाली दबली आहे का, पिशवी गच्च भरली आहे का? दहापैकी बहुतेक वेळा घोटाळा इथेच सापडतो. नळी मोकळी झाली की पाच-दहा मिनिटांत चेहरा निवळतो. तिथे काही नसेल तर पोट साफ नसणं, चादरीची घडी, रुतलेलं बटण, वाढलेलं नख, दबलेली जागा हे शोधा. दर काही मिनिटांनी बीपी घेत राहा. नळी वाहत नसेल, किंवा सगळं पाहूनही दाब उतरत नसेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा आणि दारातच हे नाव सांगा. हा आजार ज्यांनी पाहिलेला नाही ते आधी डोकेदुखीची गोळी देतात. तुमच्या डॉक्टरांकडून हे नाव आणि भावाचा नेहमीचा बीपी एका कागदावर लिहून घ्या आणि तो पलंगाच्या कठड्याला अडकवून ठेवा.

आता कूस. होय, एअर बेड असला तरी बदलायची. हवेची गादी दाब कमी करते, संपवत नाही. आमच्या शिकण्याच्या काळात एक नाव कानीकपाळी असायचं, लुडविग गुटमान. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिलमध्ये त्यांनी मणक्याच्या जखमींचा विभाग सुरू केला. तोवर असे सैनिक पाठीच्या जखमा सडून आणि लघवीच्या संसर्गाने मरायचे, आणि ते मरणारच असं सगळे धरून चालायचे. गुटमान यांचा हट्ट असा की रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायचीच. बदलतात की नाही हे बघायला ते स्वतः रात्री वॉर्डात यायचे. त्यांच्याच आवारात २९ जुलै १९४८ रोजी चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकची सुरुवात ती. तिथवर पोचायला आधी पाठीची कातडी शाबूत राहायला हवी होती, हे स्पर्धा बघणाऱ्या किती जणांना माहीत असेल, कोण जाणे.

पण तुम्ही दोघे मोडून पडलात तर भावाला कोण बघणार? म्हणून हे असं करा. प्रत्येक वेळी कूस बदलली की माकडहाड, नितंब, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल दिसली तर बोटाने दाबा. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली, तर कातडीखाली इजा सुरू झाली आहे आणि ती जागा पूर्ण मोकळी ठेवायला हवी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हाताच्या उलट्या बाजूने गरम किंवा कडक लागतंय का ते बघा. काही आठवडे कातडी पूर्ण चांगली राहिली, तर रात्री एखादी फेरी तीन तासांची करता येईल का ते तुमच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला कातडी दाखवून विचारा. स्वतःच्या मनाने नको.

एका अंगावर पूर्ण नव्वद अंशात झोपवू नका, कमरेचं हाड रुततं. पाठीमागे उशी देऊन तीस अंश कलतं ठेवा. पोटरीखाली उशी अशी द्या की टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना ओढू नका. खाली आडवी चादर घाला आणि दोघांनी ती उचलून सरकवा. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे जातं. लाल जागेवर मालिश तर मुळीच नको. मधे भोक असलेली गोल रबरी रिंग कुणी दिली असेल तर ती बाहेर काढा. ती भोकातली जागा वाचवते आणि कडेचं रक्त तोडते.

कायमच्या नळीबद्दल डॉक्टरांना एक विचारा: ठरावीक वेळी नळी घालून लघवी काढायची आणि लगेच नळी बाहेर घ्यायची, ही पद्धत भावाला चालेल का? १९७२ पासून ती रुळली आहे आणि कायमच्या नळीपेक्षा संसर्ग कमी होतो. हात चालत नसतील तर तुमच्यापैकी कुणाला शिकावं लागेल.

प्रश्न: मी शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलाला फिट आली आणि माझे हातपाय गळाले. कुणी तोंडात चमचा घालत होतं, कुणी हात दाबून धरत होतं. खरं काय करायचं?

उत्तर: घड्याळ बघायचं. सगळ्यांत आधी वेळ. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर लगेच रुग्णवाहिका. मुलाच्या आसपासची बाकं सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याजवळचं बटण सैल करा. दाबून धरू नका, हाड मोडतं. तोंडात काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, पण चमच्याने दात मात्र तुटतात आणि श्वासनलिकेत जातात. झटके थांबले की एका कुशीवर वळवा, लाळ बाहेर येऊ द्या. पूर्ण जागा होईपर्यंत पाणी नको. त्याला लघवी झाली असेल तर बाकी मुलं बाहेर पाठवा आणि पांघरूण घाला. शुद्धीवर आल्यावर त्याला पहिल्यांदा दिसतात ती आपल्याकडे बघणारी चाळीस तोंडं, आणि फिटपेक्षा तेच त्याला जास्त दिवस लक्षात राहतं.

फिटच्या वेळी मान, डोळे कुठल्या बाजूला वळले, आधी कुठला हात उडाला, हे आठवत असेल तर लिहून त्याच्या आईजवळ द्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न: सासूबाईंना पार्किन्सन्स आहे. दुसऱ्याच कारणाने त्या दवाखान्यात होत्या. तिथे त्यांच्या गोळ्या वॉर्डाच्या वेळेनुसार दिल्या, म्हणजे दीड-दोन तास उशिरा. मी बोलले तर ‘थोडं मागंपुढं चालतं’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांना कूसही बदलता येईना.

उत्तर: नाही चालत. बाकी पुष्कळ गोळ्यांचं चालतं, हिचं नाही, आणि हे सांगताना मला माझ्याच बिरादरीची थोडी लाज वाटते. पार्किन्सन्सच्या या गोळीचा, लेव्होडोपाचा, असर काही तासांचाच असतो. हालचालीसाठी लागणारं जे रसायन ती भरून काढते, ते सासूबाईंच्या मेंदूत स्वतःचं जवळजवळ उरलेलं नाही. गोळी उतरली की हालचालही उतरते, गिळणंही. मग पुढची गोळीच गिळता येत नाही. त्यांच्या घरच्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत गोळी मिळायलाच हवी. पुढच्या वेळी दाखल करतानाच घरच्या वेळांचा कागद द्या, गोळ्या सोबत ठेवा आणि फाइलवर लाल शाईने लिहून मागा. एकदम बंद करणं तर धोक्याचंच, ताप आणि शरीर लाकडासारखं होण्यापर्यंत मजल जाते. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा भ्रम झाला म्हणून हॅलोपेरिडॉल देऊ लागले तर ‘त्यांना पार्किन्सन्स आहे, चालेल का?’ एवढं विचारा. दोन्हींनी हा आजार बळावतो.

दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटत असतील तर ओढू नका. जमिनीवर आडवी पट्टी चिकटवा आणि ‘हिच्यावरून पाय टाका’ म्हणा. न उचलणारा पाय पट्टी दिसली की उचलतो. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी गंमत वाटते.

प्रश्न: सिस्टर, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. न्यूरो आयसीयूत पोस्टिंग आहे. माझा पेशंट गीयाँ-बारेचा, व्हेंटिलेटरवर, हात-पाय-चेहरा काहीच हलत नाही. त्याच्यापाशी काय बोलू? मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

उत्तर: अगं, तो सगळं ऐकतोय. या आजारात नसांवरचं आवरण खराब होतं, मेंदू लख्ख जागा असतो. गीयाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांवरून हा आजार मांडला. तो पायाकडून वर चढतो, थांबतो, आणि मग हळूहळू उतरतो. बहुतेक लोक पुन्हा चालतात. हे त्याला रोज सांग, कारण काल सांगितलेलं रात्री खरं वाटत नाही.

हात लावण्याआधी काय करणार ते सांग. सक्शनची, म्हणजे श्वासनलिकेतला कफ ओढून काढायची, नळी घालायच्या आधी तर हमखास. दिवस, तारीख, वेळ सांग. त्याला वेदना असतात, हलता येत नाही म्हणून दुखत नाही असं नाही. या आजारात पाठ आणि पाय भयंकर दुखतात. चेहरा हलत नाही म्हणजे पापण्याही मिटत नसतील. डोळ्यांत ड्रॉप घाल, झोपताना पापण्या हलकेच टेपने मिटव, नाहीतर बुबुळ सुकून जखम होते. नाडी आणि बीपी उगाचच वरखाली होतात, सक्शन करताना नाडी एकदम मंदावू शकते, तेव्हा मॉनिटरवरून नजर हलवू नकोस. पुढे व्हेंटिलेटर लावायच्या आधीचा असा पेशंट तुझ्याकडे आला तर ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नकोस, तो शेवटपर्यंत चांगला दिसतो. एका श्वासात त्याला किती आकडे मोजता येतात ते दर पाळीला मोज. पंचविसाचे पंधरा झाले तर डॉक्टरांना उठव.

आणि बोलायचं म्हणशील, तर आधी त्याच्या शरीरात काय हलतंय ते शोध. पापणी, भुवई, डोळ्याची बाहुली. वर पाहिलं की हो, खाली पाहिलं की नाही. मग अक्षरांचा तक्ता आण आणि एकेक ओळ बोटाने दाखवत जा.

माझा एक असाच पेशंट होता, चाळिशीचा. चार महिन्यांनी काठी टेकत वॉर्डात भेटायला आला. आम्ही त्याच्या पलंगापाशी उभं राहून काय काय बोललो होतो, ते त्याला पाठ होतं. कुणाची रजा कुणी अडवली तेसुद्धा. छताच्या एका फळीला दोनशे सोळा भोकं आहेत, असं त्याने मला सांगितलं. मग म्हणाला, “सिस्टर, एक विचारू? माझ्या डाव्या कानाखाली उशीच्या अभ्र्याची गाठ होती. नऊ दिवस ती तशीच होती. कुणाला दिसली नाही?” मी चार्ट आठवून पाहिला. अक्षरांचा तक्ता मी दहाव्या दिवशी आणला होता.